अँसिबलचं २०२६: टूल जोरात, पण एडब्ल्यूएक्सचं काय?

मागच्या सप्टेंबरमध्ये अँसिबल १२ आलं. आम्ही हौसेने टेस्ट सर्व्हरवर चढवलं आणि बरीचशी प्लेबुकं लाल झाली. कोड आम्ही बदललाच नव्हता! चूक मात्र आमचीच होती, फक्त इतकी वर्षं खपून जात होती.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: पन्नास सर्व्हरवर एकच सेटिंग करायचं असेल तर प्रत्येकावर लॉगिन करत बसण्याऐवजी काय हवंय ते एका यामल फाईलमध्ये लिहायचं. अँसिबल एसएसएचने जाऊन ते करून येतं, समोरच्या मशीनवर वेगळा एजंट टाकावा लागत नाही. २०१२ मध्ये मायकेल डीहानने हे सुरू केलं, २०१५ मध्ये रेड हॅटने विकत घेतलं आणि २०१९ मध्ये रेड हॅटच आयबीएमकडे गेली.

अँसिबल १२ च्या पोटात अँसिबल-कोअर २.१९ आहे, आणि त्यात टेम्प्लेटिंगचं इंजिन आतून बदललंय. आता प्रत्येक व्हॅल्यू आपण कुठून आलो आणि विश्वासाचे आहोत की नाही, याची खूण सोबत घेऊन फिरते. एखाद्या हॅक झालेल्या सर्व्हरने उत्तरात टेम्प्लेट घुसवलं तर ते चालवलं जात नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे हवंच होतं. पण सोबत कडक शिस्तही आली. ‘यादी रिकामी नाही ना’ हे तपासायला आम्ही अटीत नुसतं यादीचं नाव लिहायचो. आता अटीचं उत्तर खरं किंवा खोटं असंच लागतं, म्हणजे यादीची लांबी शून्यापेक्षा जास्त आहे का, असं स्पष्ट विचारायचं. जुनी सवय चालू ठेवणारं एक सेटिंग आहे, पण ते तात्पुरतं समजा.

यंदा याच वाटेवर आणखी पुढे जायचंय. २.२० पासून फॅक्ट्स थेट व्हेरिएबल म्हणून वापरले की इशारा येतो आणि २.२४ मध्ये ती सोय बंद होणार आहे. कोअरची वर्षाला साधारण दोन व्हर्जन येतात, त्यामुळे वेळ आहे. पण इशारे दाबून टाकू नका, आम्ही तेच केलं होतं.

दुसरी डोकेदुखी रेड हॅट लिनक्स ८ ची. त्याचं सिस्टिम पायथन ३.६ आहे आणि कोअर २.१७ पासून ते चालत नाही. वरून नवीन पायथन टाकलं तरी पॅकेज मॅनेजरचं मॉड्यूल जुन्याच पायथनला बांधलेलं असतं. ओएसला सपोर्ट २०२९ पर्यंत, पण ते चालवणाऱ्या कोअर २.१६ चा कम्युनिटी सपोर्ट २०२५ मध्येच संपला. ज्यांच्याकडे असे सर्व्हर आहेत त्यांना दोन वेगळी व्हर्जन सांभाळावी लागतात.

मला खरी काळजी एडब्ल्यूएक्सची वाटते. अँसिबलला वेब स्क्रीन, परवानग्या, शेड्यूल देणारा हा फुकटचा डॅशबोर्ड. बजेट नसलेल्या किती छोट्या टीम त्यावर उभ्या आहेत! जुलै २०२४ मध्ये २४.६.१ आलं, मग मोठी पुनर्रचना करायची म्हणून रिलीज थांबवले गेले. पूर्वी दर काही आठवड्यांनी नवीन व्हर्जन यायचं. कोडवर काम चालू आहे, पण प्रॉडक्शनवर भरवशाने टाकावं असं काही हातात नाही. दरम्यान सुरक्षेचे पॅच कोण देणार? पैसे देऊन घ्यायच्या प्लॅटफॉर्मला ते मिळतात, इथे आपलं आपण बघायचं. मला यात कुणाचा कट दिसत नाही, पण परिणाम तोच होतो.

टेराफॉर्मचं लायसन्स २०२३ मध्ये बदललं, तेव्हा ओपनटोफू जन्मलं. पपेटच्या पॅकेजेसचा रस्ता बंद झाला, तेव्हा व्हॉक्स पुपुलीवाल्यांनी २०२५ मध्ये ओपनव्हॉक्स काढलं. टेराफॉर्मची हॅशिकॉर्प आता आयबीएमच्याच घरात आहे, म्हणून ‘पुढचा नंबर अँसिबलचा का?’ असं लोक विचारतात. मला तसं वाटत नाही. कोअर जीपीएल ३ वर आहे आणि त्यात हजारो लोकांचा कोड आहे, सगळ्यांना विचारून लायसन्स बदलणं जवळपास अशक्य. एडब्ल्यूएक्स मात्र अपाचे २.० वर आहे. तिथे कुणी फोर्क काढू शकतो तसंच पुढचा कोड बंदही ठेवू शकतो.

आम्ही काय केलं? एडब्ल्यूएक्स इंटरनेटपासून तोडून आतल्या नेटवर्कमध्ये ठेवलं, शेड्यूल असलेली कामं एकेक करून सेमाफोरवर हलवतोय. अजून अकरा बाकी आहेत.