पहिले पान कोणाचे?

ब्राउझर उघडला की पहिल्या पानावर काय दिसते? नटनट्यांच्या बातम्या, क्रिकेट आणि जाहिराती! शोधायला जावा एखादा संदर्भ आणि तास जावा भलतीकडेच, हा माझा अनुभव तुमचाही असेल. चित्रांनी भरलेले ते पान मंद इंटरनेटवर लवकर उघडतही नाही.

बीदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात आपल्यापैकी अनेकांच्या घरी मराठी, तर बाहेर कन्नड. त्या पानावर मात्र या दोन्ही भाषांतले अभ्यासाचे काहीच नसते. १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला, तो तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचा मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पण तो आपणहून समोर येत नाही.

फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘होम’ या भागात पहिले पान कोरे ठेवण्याची सोय आहे. मी ते कोरे केले. वरच्या पट्टीत तीनच दुवे ठेवले : मराठी विश्वकोश, कन्नड विकिपीडिया आणि विद्यापीठाचे संकेतस्थळ.

मन ताब्यात असेल तर जाहिराती काय बिघडवणार, असे काही जण म्हणतात. खरे आहे; पण अभ्यासाला बसताना आपण बाजारात जागा शोधतो का? मग आपल्याच दारात बाजार भरू द्यावा की नाही, हे आपणच ठरवायला नको काय?