आजोळचा डबा

वसुबारस जवळ आली की चोपड्यातील व्यापारी घरांत दोन याद्या निघतात. पहिली पेढीची: नव्या वह्या, नोकरांचा बोनस, अडत्यांना आणि जुन्या गिऱ्हाइकांना द्यावयाची मिठाई. दुसरी घरची: पुणे, सुरत, मुंबईहून येणाऱ्या लेकी, जावई आणि त्यांची मुले. पहिली यादी वर्षानुवर्षांच्या सवयीने अर्ध्या तासात पुरी होते. दुसरीत मुलांच्या नावांपुढची जागा मात्र शेवटपर्यंत कोरी राहते. दूर राहणाऱ्या मुलांच्या कपड्यांचे माप नेमके ठाऊक नसते, मिठाईचे त्यांना अप्रूप उरलेले नाही, आणि जीवहिंसा टाळावी म्हणून ज्या घरांनी फटाके सोडले तेथे ‘मग त्याऐवजी काय?’ हा प्रश्न मुले दरवर्षी विचारतातच. अलीकडे त्या कोऱ्या जागी एक शब्द सर्रास लिहिला जातो: लेगो.

शब्द लिहिणे सोपे, माल पारखणे तितके सोपे नाही. डालडा हे जसे एका काळी सर्वच वनस्पती तुपाचे नाव झाले, तसे लेगो हे सर्वच जोडठोकळ्यांचे नाव होऊन बसले आहे. दोन-तीनशे रुपयांच्या पिशवीपासून पाच आकडी किमतीच्या खोक्यापर्यंत सारे काही या एका नावाखाली मागितले जाते. मामा-मावशी बहुधा दोन टोकांपैकी एक गाठतात. एक तर मुले पुष्कळ म्हणून स्वस्तातल्या सहा पिशव्या घेतात, नाही तर लाडक्या भाच्यासाठी डोळे दिपवणारे मोठे खोके. या दोहोंच्या मधला, साधारण दीड ते साडेतीन हजारांचा संच कोणाच्या नजरेत भरत नाही. वास्तविक घराला उपयोगी पडतो तो बहुधा तोच.

तो का, हे समजण्यासाठी या ठोकळ्याची थोडी पूर्वपीठिका पाहावी. डेन्मार्कमधील बिलुंड या लहान गावी ओले कर्क क्रिस्टियान्सन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. १९४९ मध्ये त्याच्या कारखान्यातून प्लॅस्टिकचे ठोकळे निघाले. ती कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती. इंग्लंडमधील हिलरी फिशर पेज यांचे किडीक्राफ्ट ठोकळे त्याआधीच बाजारात होते. (आज स्वस्त नक्कल म्हणून ज्या मालास नावे ठेवली जातात, त्यांच्याकडे पाहताना एवढे स्मरणात असू द्यावे.) ते पहिले ठोकळे एकमेकांवर बसत, पण धरून राहत नसत. मुलाने रचलेले घर उचलावे तर भिंती हातात आणि छप्पर जमिनीवर. पुढे ओले यांचे पुत्र गॉटफ्रेड यांच्या काळात ठोकळ्याच्या पोकळ पोटात नळ्या बसवण्याची युक्ती निघाली. वरच्या खुंट्या त्या नळ्यांत आणि कडांत अडकल्या, आणि ठोकळा ठोकळ्याला धरू लागला. या रचनेच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ चा आहे. त्या वर्षीच्या ठोकळ्यावर आज विकत घेतलेला ठोकळा नीट बसतो. पुढे पेटंटांची मुदत संपली आणि त्याच मापाचे ठोकळे इतरांनीही काढले.

व्यापाऱ्याच्या ध्यानात येण्याजोगी गोष्ट येथेच आहे. बहुतेक खेळणी घेतल्या दिवसापासून जुनी होत जातात. एका मापाचे ठोकळे मात्र साठत जातात, आणि जुना साठा नव्या मालाला उपयोगी पडतो. यंदाचा संच गेल्या वर्षीच्या संचात मिसळला की त्याची किंमत नुसत्या बेरजेने वाढत नाही. कोपनहेगनचे गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या साहाय्याने याची मोजदाद केली होती. आठ खुंट्यांचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात. तीन घेतले तर १,०६० प्रकारे. आणि सहा घेतले तर ९१,५१,०३,७६५ प्रकारे. दोनाचे सहा झाले एवढ्यानेच हा आकडा चोवीसवरून एक्क्याण्णव कोटींवर गेला. चक्रवाढ व्याजाचे गणित रोज करणाऱ्या घराला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

म्हणूनच भेट मुलाच्या नावे न घेता आजोळच्या नावे घेण्याचा विचार करण्यासारखा आहे. समजा, दिवाळीत घरी सहा मुले जमणार आहेत आणि त्यांच्यासाठी नऊ हजार रुपये काढून ठेवले आहेत. दीड हजाराचे सहा वेगळे संच घेतले तर प्रत्येक मूल आपापले खोके सांभाळत कोपऱ्यात बसेल. दुसऱ्या दिवसापासून ‘हा माझा तुकडा, तो तुझा’ हे सुरू होईल, आणि भाऊबीजेनंतर सहाही संच सहा पिशव्यांतून सहा दिशांना जातील. नऊ हजारांचा एकच संच घेतला तर तो थोरल्याच्या हाती लागेल आणि धाकटी पाहत राहील. त्याऐवजी तीन हजारांचा एक मध्यम संच आजोळच्या डब्यासाठी घ्यावा. तो येथेच राहावा. त्याच मापाचा सहाशेच्या आसपासचा एकेक लहान संच प्रत्येकाच्या हाती द्यावा. तो ज्याचा त्याने न्यावा. मुलाला आपले म्हणून काही हवे असते, हे नाकारून चालत नाही. हिशेब सहा हजार सहाशेचा झाला. उरलेले दोन हजार चारशे पुढच्या दिवाळीच्या नावे जमा ठेवावेत.

डब्यासाठीचा संच कोणता, याविषयी मतभेद होतील. खोक्यावर परदेशी चित्रपटातील विमान किंवा शर्यतीची गाडी असलेले संच मुलांना भुरळ घालतात. पण त्यांच्या किमतीत त्या नावाच्या वापराचे मोल धरलेले असते, आणि त्यांतील पुष्कळ तुकडे त्या एका आकृतीखेरीज इतरत्र फारसे कामाचे नसतात. असे मॉडेल एकदा जुळले की काचेच्या कपाटात जाते, आणि ‘हात लावू नको, मोडेल’ हे शब्द ऐकू येऊ लागतात. मोडून पुन्हा जुळवण्यासाठीच केलेली वस्तू मोडू नये म्हणून जपायची, हा उफराटा न्याय झाला. साध्या, रंगीत ठोकळ्यांचा संच यापेक्षा पुष्कळ बरा. मूळ कंपनीच्या क्लासिक मालिकेतील ४८४ तुकड्यांचा मधला डबा हे त्याचे परिचित उदाहरण. आकृतीच हवी असेल तर क्रिएटर मालिकेत एकाच संचातून तीन वेगवेगळ्या आकृती होतील अशी योजना असते. तिसरी करायची तर पहिली दोन मोडावीच लागतात, हा तिचा मोठा गुण.

तुकड्यांच्या आकड्यावर भाव ठरवू नये. व्यापारी मनाला नगाचा दर काढण्याचा मोह होतोच, पण येथे तो फसवतो. आठ खुंट्यांचा एक ठोकळा सुमारे २.३ ग्रॅम भरतो. एका खुंटीची चपटी टिकली त्याच्या दशांशाच्या आसपास. हजार तुकड्यांच्या खोक्यात निम्म्या टिकल्याच असतील तर तो आकडा काय कामाचा? मिरची घेताना जसे पोते उचलून पाहतात, तसे खोके हातात घेऊन पाहावे, आणि बाजूच्या चित्रात मोठे ठोकळे किती आहेत ते मोजावे.

खरी परीक्षा पकडीची. जळगाव परिसरातील घरांना प्लॅस्टिक परके नाही. पाइपांचे आणि चटईचे कारखाने डोळ्यांसमोर वाढलेले आहेत. कोरा दाणा कोणता आणि पुन्हा वितळवलेला कोणता, हे वासावरून सांगणारी माणसे नात्यात सापडतात. तीच नजर येथे वापरावी. चांगला ठोकळा एबीएस नावाच्या कडक, चकचकीत प्लॅस्टिकचा असतो, आणि त्याचा साचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक अचूकतेने केलेला असतो. दुकानात उघडा नमुना असेल तर सहा ठोकळे एकावर एक बसवावेत, वरच्या एकाला धरून उचलावे आणि हलकेच हलवावे. खाली काही गळता कामा नये. पण सहा वर्षांच्या बोटांनी ते सुटलेही पाहिजेत. माप जुन्या साठ्याशी जुळते का, हे पट्टीने कळते: चार खुंट्यांच्या ठोकळ्याची लांबी जवळजवळ ३२ मिलिमीटर आणि दोन खुंट्यांची रुंदी १६. याच मापाचे, नीट धरणारे ठोकळे इतर कंपन्यांचे असले तरी डब्यात खुशाल घ्यावेत. नावापायी दुप्पट दाम मोजण्याचे कारण नाही. परदेशातून येणाऱ्या खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ आणि २०२३ मध्ये सत्तर टक्के झाले. आयात संचांची किंमत चढी असण्यामागचे हे एक ठळक कारण होय.

सैल ठोकळ्यांनी पैसे वाया जातात, हे तोट्याचे लहान कलम झाले. मोठे कलम वेगळेच आहे. पाच-सहा वर्षांचे मूल भिंत रचते, ती कोसळते. पुन्हा रचते, पुन्हा कोसळते. माल खोटा आहे असे त्याच्या मनातही येत नाही. ‘मला जमत नाही’ असे म्हणून ते उठून जाते, आणि घरातील माणसे म्हणतात, याला ठोकळ्यांची आवडच नाही. दोनशे रुपयांच्या पिशवीने मुलाविषयी ठरवलेली ही गोष्ट पुढे वर्षानुवर्षे टिकते.

सुरक्षिततेविषयी मात्र तडजोड नको. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चिन्हाजवळ सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर पडताळता येतो. चिन्ह नसलेली पिशवी कितीही स्वस्त मिळाली तरी परत ठेवावी. एकत्र कुटुंबात आणखी एक पेच असतो. आठ वर्षांच्या मुलासाठी आणलेला संच त्याच खोलीत रांगणाऱ्या बाळाच्या हाती लागतो. तीन वर्षांखालील मुलांसाठी वस्तू धोक्याची आहे की नाही हे ठरवताना सुमारे सव्वा इंच व्यासाची नळी वापरतात; तिच्यात जे पूर्ण मावते ते बाळाच्या घशात अडकू शकते. लेगोचा नेहमीचा ठोकळा तिच्यात मावतो. अशा घरी दोन वर्षे ड्युप्लोसारखे दुप्पट लांबी-रुंदी-उंचीचे ठोकळे घ्यावेत आणि लहान ठोकळ्यांचा डबा टेबलावरच उघडावा. हे मोठे ठोकळे नेहमीच्या ठोकळ्यांशी जुळतात, त्यामुळे बाळ मोठे झाल्यावर तेही डब्यात जमा होतात.

यादी करताना आणखी एक सवय तपासून पाहावी. भाच्याच्या नावापुढे ठोकळे आणि भाचीच्या नावापुढे कानातले किंवा भातुकली, असे हात नकळत लिहून जातो. ज्या मुली पुढे सासरची पेढी सांभाळतात, सनदी लेखापाल किंवा अभियंता होतात, त्यांच्या बोटांना सहाव्या वर्षी काही जुळवून पाहण्याची संधी मिळाली तर बिघडले कोठे? आणि मुलगा भातुकली खेळला तरी काही बिघडत नाही.

पैसा नसेल तर हे सारे राहून जाते काय? तसेही नाही. सातपुड्याच्या पलीकडे, होशंगाबाद भागातील विज्ञानशिक्षणाच्या उपक्रमात १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन एक तरुण अभियंता गेला होता. त्याने आठवडी बाजारात सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब पाहिली, तिचे लहान तुकडे केले आणि त्यांत काड्यापेटीच्या काड्या अडकवून त्रिकोण, चौकोन, घरे केली. ते अरविंद गुप्ता. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशा खेळण्यांवर वर्षानुवर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यांचा हा मेकॅनो आजही दहा-वीस रुपयांत होतो. आजोबांनी गुल काढून काड्या द्याव्यात, नातवंडांनी जुळवाव्यात. त्रिकोण दाबला तरी वाकत नाही आणि चौकोन लगेच तिरपा होतो, हे पाहिलेल्या मुलाला दुकानाच्या पत्र्याच्या छपराखालील कैचीत त्रिकोणच का असतात, हे निराळे शिकवावे लागत नाही.

डब्याच्या व्यवस्थेचे थोडे राहिले. खोके ठेवू नये, ते फाटते. झाकणाचा स्टीलचा डबा उत्तम, पापडांचा जुना असला तरी चालेल. खेळताना खाली जुनी चादर अंथरावी. चार टोके उचलली की सारे तुकडे एकदम गोळा होतात, आणि रात्री पाणी प्यायला उठलेल्या आजीच्या तळव्याला काही टोचत नाही. माहितीपुस्तिका वेगळ्या पिशवीत जपावी. नव्या संचातील तुकडा कमी निघाला तर मूळ कंपनी तो मागणी केल्यावर पुरवते, म्हणून बिल आणि संचाचा क्रमांक टिपून ठेवावा. घट्ट बसलेले ठोकळे सोडवण्याची एक लहान पट्टी काही संचांत असते. ती डब्याच्या झाकणाला दोऱ्याने बांधून ठेवावी, नाही तर मुले दात लावतात.

ज्ञानपंचमीला पेढीवर वह्या-लेखणीचे पूजन आटोपते, तोवर पाहुण्यांच्या बॅगा बांधून झालेल्या असतात. त्याआधी मुलांनाच चादरीभोवती बसवून डबा भरू द्यावा. अर्धवट राहिलेला पूल किंवा बैलगाडी न मोडता तशीच वर ठेवावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मुले तेथूनच पुढे सुरू करतात.