समोरच्या रांगेतील दोन खुर्च्या

गेल्या हंगामात मी व सौभाग्यवती अशा दोघांनी मिळून सात नाटके पाहिली. देवरीत राहणाऱ्या कुणाला यात नवल वाटणार नाही. परंतु आमच्या घराण्याच्या वहीत ही नोंद प्रथमच होते आहे. आजोबांच्या काळापासून दिवाळी सरली की नाट्यमंडळाचे पावतीपुस्तक आमच्या दुकानाच्या पायरीशी येते. वर्गणी दिली जाते, पावती तारेला अडकवली जाते आणि विषय तेथेच संपतो. वर्गणीदारांसाठी समोरच्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवलेल्या असतात. त्या रात्रभर रिकाम्या राहतात हे मला ठाऊक होते. गावही त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत असते, हे मात्र सेवानिवृत्तीपर्यंत ध्यानात आले नव्हते.

ज्या वाचकांचे वास्तव्य पुणे, सोलापूर, कोल्हापूरकडे आहे त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचा रानावनाचा आणि धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. येथे हलके धान दिवाळीच्या आसपास निघते, भारी धानाचे पुंजणे त्यानंतर रचले जातात, आणि त्याच सुमारास गावोगाव मंडई भरू लागते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, दिवसा दंडार व खडी गंमत रंगते, मुलामुलींच्या सोयरिकी जुळतात, आणि रात्री नाटक. रात्री म्हणजे साडेदहा-अकराला पडदा उघडणार आणि पहाटे चार-पाचला पडणार. मंडई सरल्यावर शंकरपटांच्या निमित्ताने पुन्हा नाटके होतात, ती थेट होळीपर्यंत. २०२४ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती आणि पुढची होळी १३ मार्चला. मधल्या रात्री मोजल्या तर १३० भरतात. मराठी रंगभूमीचा दिवस आपण ५ नोव्हेंबरला पाळतो, कारण १८४३ साली त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणले. शहरांतून त्या दिवशी भाषणे होतात. आमच्याकडे त्या सुमारास हंगामाचे नारळ फुटलेले असतात.

या साऱ्या व्यवहाराची पेठ म्हणजे वडसा. देवरीहून महामार्गाने कोहमाऱ्यापर्यंत जावे आणि तेथून नवेगावबांध व अर्जुनीच्या वाटेने दक्षिणेस उतरावे म्हणजे हे गाव लागते. त्याचे शासकीय नाव देसाईगंज. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणारी रेल्वेही येथूनच जाते. नाट्यमंडळांची कार्यालये या गावात असतात. बाहेर नव्या नाटकांचे रंगीत फलक आणि आत तारखांची वही. गावचे मंडळ येते, नाटक पसंत करते, तारीख बांधते, इसार देते आणि उरलेली रक्कम प्रयोगाच्या रात्री चुकती करते. तिकिटे गावाने विकायची, नफा-तोटा गावाचा. नफा झालाच तर तो देवळाच्या सभामंडपाला किंवा शाळेच्या कुंपणाला लागतो. कंपनीने कलावंत, वादक, पडदे, दिवे घेऊन वेळेवर पोहोचायचे. एवढा व्यवहार बहुतांशी शब्दावर चालतो. आडत दुकानाच्या गादीवर वाढलेल्या माणसाला ही रीत परकी वाटू नये.

तरीही आम्ही त्यापासून दूर राहिलो, हे खरे. कारणे नेहमीची होती. दुकान सकाळी लवकर उघडायचे असते. जागरण झेपत नाही. मध्येच लावणी असते, बायकामुलांना न्यावे कसे. वडिलांनी ती कारणे मला सांगितली, मी ती मुलाला सांगितली, आणि नोकरीच्या बदल्यांमुळे माझी तर आपोआपच सुटका होत राहिली. अखेर आमच्या दुकानातील वृद्ध मुनीमजींनी ती सांखळी तोडली. पावती फाडून झाल्यावर ते माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “पावती त फाडता जी, खुर्ची काहून रिकामी ठेवता?” चाळीस वर्षे आमच्या वह्या लिहिणाऱ्या माणसाला उत्तर देणे सोपे नसते.

पहिले नाटक जवळच्याच एका गावी पाहिले. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत मंडप घातला होता. मागच्यांनाही दिसावे म्हणून बसण्याची जागा उतरती खणली होती. तणसावर ताडपत्री, त्यावर गोधड्या पांघरून कुटुंबेच्या कुटुंबे बसली होती. डिसेंबरची थंडी झाडीत कशी असते ते येथल्या माणसालाच ठाऊक. आम्ही दोघे मुनीमजींच्या मागून समोरच्या रांगेत जाऊन बसलो, तेव्हा मागे कुजबूज झाली. ती कौतुकाची असावी, असे मी मनाशी धरून चाललो.

पडदा उघडला आणि तासाभरात खलनायक अवतरला. तो सावकार होता. पांढरे धोतर, काळी टोपी, बगलेत लाल कापडाची वही. विधवेच्या नावावर खोटी बाकी चढवणारा, व्याजावर व्याज लावून तिची बांधी गिळणारा. त्याच्या पहिल्याच वाक्याला मंडपातून शिट्ट्या आल्या आणि त्यानंतर मला पाठीवर हजार डोळे जाणवू लागले. सौभाग्यवतींनी पदर सावरला व हळूच म्हटले, “निघायचे का?” उठून जाणे मात्र बसून राहण्याहून अधिक बोलके झाले असते. मी बसलो.

प्रथम राग आला, तो लपवीत नाही. आमच्या पेढीने खोटी बाकी कधी लिहिली नाही, असे मनातल्या मनात मी त्या नटाला ऐकवीतही होतो. पुढे नाटकात एक प्रसंग आला. विधवा वही उघडायला सांगते आणि सावकार म्हणतो की तुला वाचता येत नाही, मग उघडून काय करू? येथे मंडप एकदम शांत झाला. त्या शांततेत मला आमच्या जुन्या गादीसमोर उकिडवी बसलेली माणसे आठवली. त्यांची बाकी खरीच होती. परंतु ती खरी आहे हे त्यांना केवळ आमच्या शब्दावरून मानावे लागत होते. वही त्यांच्याकडे फिरवून दाखवल्याचे मला तरी स्मरत नाही.

मध्यंतर झाले. समितीचे लोक कलावंतांना आमच्याकडे घेऊन आले, ही येथील पद्धत आहे. सावकाराचे काम करणारा गृहस्थ रंग न पुसताच आला आणि त्याने स्वतःच्या हाताने चहाचा पेला माझ्यापुढे धरला. आमचा चौविहार, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. मी हात जोडून नको म्हटले. त्याचा चेहरा रंगाखालीही उतरलेला दिसला. “राग त नाही आला ना जी, शेटजी?” तो म्हणाला. त्याला काय वाटले ते ध्यानात आल्यावर मीच ओशाळलो. नियमाचे सांगितले, मुनीमजींनी दुजोरा दिला, तेव्हा कुठे तो मोकळा हसला. पेला त्याने स्वतः पिऊन टाकला आणि आमच्या खुर्चीशेजारी तणसावरच बसला.

दहा मिनिटांत त्याने जे सांगितले ते मी घरी येऊन टिपून ठेवले. त्याची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. आषाढ-श्रावणात तो रोवणी करतो, भाऊबिजेपासून होळीपर्यंत नाटक. मानधन प्रत्येक नाईटमागे. नाईट नाही तर पैसा नाही. प्रयोग संपला की पहाटे गाडीत झोपायचे आणि पुढच्या गावी उठायचे. महामारीच्या वर्षी, म्हणजे २०२०च्या दिवाळीनंतर, परवानग्यांच्या घोळात तारखा गेल्या तेव्हा त्याने धानाच्या गिरणीत पोती उचलली. “इकडे सावकार मीच आणि कर्जदारही मीच,” असे म्हणून तो पुढच्या अंकासाठी उठला. त्याचे पीककर्ज थकले आहे, हे त्याने हसत सांगितले.

पुढचा अंक मी फारसा पाहिला नाही. माझ्या डोळ्यांपुढे नव्वदीच्या दशकातील एक दुपार होती. मी तेव्हा एका शाखेत कर्जाचे प्रस्ताव पाहत असे. एक तरुण आला होता. पडदे, दिवे, ध्वनिक्षेपक विकत घेऊन नाटकांना भाड्याने द्यायचे, त्यासाठी त्याला कर्ज हवे होते. त्याने वहीत मागच्या हंगामाच्या तारखा लिहून आणल्या होत्या. मी वाचल्या, आणि ‘वर्षातील आठ महिने उत्पन्न शून्य, तारण अपुरे’ असा शेरा मारून प्रस्ताव परत केला. नियमाप्रमाणे तो बरोबरच होता. परंतु त्याच टेबलावर मी धानासाठी पीककर्जे मंजूर करीत होतो, ज्यांचे उत्पन्न वर्षातून एकदाच येते आणि तेही पावसावर. धान पिकले तर मंडई, मंडई भरली तर नाटक. एकाच पावसाच्या भरवशावरचे हे दोन धंदे. एकाला मी शेती म्हटले, दुसऱ्याला हौस. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी भिंतीवर असताना एवढे साधे गणित सुटले नाही, याची रुखरुख आता या वयात काढून तरी काय उपयोग. पण ती आहे.

या रंगभूमीची थोरवी सरकारदरबारीही उशिरा पोहोचली. गडचिरोली जिल्ह्यातील डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ८०० नाटके व ५,०००हून अधिक प्रयोग अशी त्यांच्या कामाची मोजदाद वर्तमानपत्रांत आली. आता मुंबई-पुण्याचे चित्रपटांतले चेहरेही हंगामात इकडे येतात, फलकावर त्यांची छायाचित्रे मोठी असतात. माझे मत विचाराल तर त्यांच्यामुळे गर्दी वाढते, नाटक वाढतेच असे नाही. गावच्या बोलीत बोलणारा विनोदी नट आला की मंडप जसा हलतो, तसा पाहुण्यांच्या प्रवेशाला हलत नाही.

दोष पुष्कळ आहेत. ध्वनिक्षेपक कानठळ्या बसवतात. कथानक तासाभराचे आणि प्रयोग सहा तासांचा. मधली जागा गाण्यांनी भरतात. सूचकाचा आवाज नटाच्या आधी ऐकू येतो, आणि एका प्रयोगात तर नायकाने सूचकाकडे वळून “काय म्हणालास?” असे विचारले. प्रेक्षक हसले आणि नाटक पुढे गेले. स्त्री कलावंतांना कपडे बदलण्यासाठी धड आडोसाही काही ठिकाणी नसतो. ज्या गावात वर्गणी देणारे आपण आहोत, तेथे ही एक गोष्ट आपण मागून घेऊ शकतो. लावणीविषयीची माझी भीती फोल निघाली. आमच्या शेजारच्या गोधडीवर तीन पिढ्यांच्या बायका बसल्या होत्या आणि लावणीला त्या निवांत शेंगा सोलीत होत्या.

सातवे नाटक होळीच्या आदल्या आठवड्यात झाले. थंडी सरली होती, गोधड्या नव्हत्या, कलावंतांचे आवाज बसले होते. योगायोगाने तीच कंपनी होती आणि तोच गृहस्थ. या वेळी वेष मात्र म्हाताऱ्या बापाचा. मध्यंतरात तो आला, पण पेला न आणता. “तुमचा नियम हाये ना जी,” म्हणाला, आणि रिकाम्या हातानेच बसला. मी त्याला थकलेल्या पीककर्जाचे कागद घेऊन दुकानी यायला सांगितले. पुनर्गठनाचा अर्ज लिहिणे एवढे काम मला अजून येते. एप्रिलमध्ये तो आला. मुनीमजींनी गादीवर जागा केली. मी कागद वाचले, आणि वाचता वाचता प्रत्येक पान त्याच्याकडे फिरवीत गेलो.

चिरंजीवांना अजून जागरण मान्य नाही. मात्र मंडईच्या दिवशी दुकान दहाला उघडावे, एवढे त्यांनी कबूल केले आहे. नव्या हंगामाच्या तारखांसाठी मुनीमजी पोळ्यानंतर वडशाला जाणार आहेत. सौभाग्यवतींनी त्यांच्याजवळ निरोप दिला आहे की आमच्या खुर्च्या या वेळी ध्वनिक्षेपकापासून जरा दूर ठेवाव्यात.