विश्लेषण : विमानातल्या नाश्त्याचे बेकन कुरकुरीत का नसते?

विमानातल्या जेवणाविषयी कुरकुर करणे हा प्रवाशांचा जुना छंद आहे. पण त्या कुरकुरीपुढे विमान कंपनीने माघार घेतली, असे क्वचितच घडते. ब्रिटिश एअरवेजने नोव्हेंबर २०२४ मध्ये सकाळी साधारण साडेआठ ते साडेअकरा या वेळेत निघणाऱ्या लांब पल्ल्याच्या उड्डाणांत दुपारच्या जेवणाऐवजी ‘ब्रंच’ द्यायला सुरुवात केली. महागडे तिकीट काढून जेवणाच्या वेळी नाश्त्याचेच पदार्थ पुढ्यात आल्यावर प्रवासी भडकले आणि काही महिन्यांतच कंपनीला हा बेत गुंडाळावा लागला. ब्रिटिश माणसाला न्याहारी नको असते असे मुळीच नाही. नाराजीला कंजुषीचा वास कारणीभूत होता, तशीच एक जुनी अढीही होती. विमानातला गरम नाश्ता, त्यातही बेकन, जमिनीवरच्यासारखे लागत नाही. ते मऊ, ओलसर, कडेला वातड आणि मधे रबरासारखे असते. असे का होते, याचे उत्तर चवीपेक्षा वेळापत्रकात, जंतूंत आणि हिशेबाच्या वहीत सापडते.

बेकन म्हणजे नेमके काय?

बेकन म्हणजे मीठ आणि नायट्राइट लावून मुरवलेले डुकराचे मांस. काही वेळा त्याला धुरीही दिलेली असते. नायट्राइटमुळे त्याचा गुलाबी रंग टिकतो आणि काही घातक जिवाणूंची वाढ रोखली जाते. अमेरिकेत ते पोटाच्या मांसाचे असते, त्यात चरबीचे पट्टे असतात आणि ते खमंग, कडक होईपर्यंत तळतात. ब्रिटनमध्ये पाठीच्या मांसाचे ‘बॅक बेकन’ चालते. त्यात चरबी कमी, मांस जास्त, आणि ते थोडे मऊ असले तरी कोणी नाक मुरडत नाही. गोव्याच्या चोरिसात व्हिनेगर आणि मिरची असते, म्हणून चव अगदी वेगळी, पण मांस मिठाच्या जोरावर टिकवायचे ही युक्ती तीच.

बेकनच्या दर्जातला एक मुद्दा विमानात फार महत्त्वाचा ठरतो. स्वस्त बेकन मिठाच्या पाण्याची इंजेक्शने देऊन मुरवतात. तव्यावर टाकले की त्यातून पाणी आणि पांढरट फेस सुटतो आणि मांस तळले जाण्याऐवजी उकडले जाते. सुके मीठ चोळून मुरवलेले बेकन महाग पडते, पण त्यात पाणी कमी असते. नाश्त्याच्या थाळीत यातले कोणते घालायचे, हे स्वयंपाकी कमी आणि खरेदी विभाग जास्त ठरवतो.

उंचावर जिभेची चव जाते, म्हणून तर नाही?

नेहमी दिले जाणारे उत्तर हेच, आणि त्यात तथ्यही आहे. विमान ३५ हजार फुटांवर असले तरी केबिनमधील हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या ठिकाणासारखा ठेवलेला असतो. आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली जाते, नाक कोरडे पडते, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग नाकाकडून येतो. जर्मनीत म्युनिकजवळच्या होल्झकिर्शेन येथे फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी २०१० च्या सुमारास याची चाचणी घेतली. जुन्या एअरबस ए-३१० चा तुकडा कमी दाबाच्या दालनात ठेवून त्यात लोकांना जेवू घातले. खारट आणि गोड चवीची जाणीव कमी होते, असे आढळले. लुफ्तान्साला पडलेला प्रश्न मजेशीर होता : जमिनीवर टोमॅटोच्या रसाकडे न बघणारे लोक विमानात तो इतका का पितात? त्याचे उत्तर ‘उमामी’ या चवीत आहे. टोमॅटो, मशरूम, मुरवलेले मांस यांतली ही चव उंचावर फारशी मंदावत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१५ च्या प्रयोगात विमानासारख्या गोंगाटात गोडवा दबलेला आणि उमामी उलट वाढलेली आढळली.

म्हणजे या शास्त्रानुसार बेकन विमानात फेल जायला नको. ते आधीच खारट, उमामीने भरलेले आणि वासाला उग्र. केबिनमध्ये टिकून राहील अशी चव शोधायची ठरवली, तर यादीत बेकन वरच्या क्रमांकावर असेल. तरीही ते फसते, कारण बेकनची निम्मी गंमत चवीत नसून दाताखाली येणाऱ्या पोतात असते.

मग बिघडते कुठे?

संध्याकाळी तळलेली कांदाभजी गरम असतानाच स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावले, तर सकाळी काय हाती लागेल? विमानातल्या बेकनची गोष्ट हीच आहे. फक्त डब्याऐवजी ॲल्युमिनियमची थाळी आणि फॉइल असते.

सकाळी सातच्या उड्डाणातला नाश्ता सकाळी बनत नाही. विमानतळाजवळच्या केटरिंग कारखान्यात तो आदल्या दिवशी, काही वेळा त्याहूनही आधी शिजतो. मग तो झपाट्याने थंड केला जातो, कारण जिवाणू सर्वांत जोमाने वाढतात तो कोमट तापमानाचा पट्टा लवकरात लवकर ओलांडायचा असतो. त्यानंतर पाच अंशांच्या आसपासच्या शीतगृहात हातांनी थाळ्या भरणे, फॉइल लावणे, ट्रॉलीत रचणे, ट्रकमधून विमानापर्यंत नेणे, असा प्रवास होतो. रात्रभराच्या उड्डाणात उतरण्याआधी नाश्ता मिळतो, तेव्हा त्या थाळीने आणखी सात-आठ तास ट्रॉलीत काढलेले असतात. शेवटी गॅलीतल्या ओव्हनमध्ये वीसेक मिनिटे गरम करून ती तुमच्यासमोर येते.

बेकन कुरकुरीत होते ते पाणी उडून गेल्यामुळे आणि चरबी वितळून बाहेर पडल्यामुळे. बंद थाळीत नेमके उलटे होते. शेजारच्या अंड्याची, टोमॅटोची आणि मशरूमची वाफ फॉइलला लागते, थेंब होऊन खाली पडते आणि कोरडे बेकन ती शोषून घेते. बरे, थाळीतल्या सगळ्यांना ओव्हनमध्ये एकच वेळ मिळतो. अंडे सुरक्षित तापमानाला पोहोचेपर्यंत बेकनच्या पातळ कडा दुसऱ्यांदा शिजून चामड्यासारख्या होतात. ऑम्लेटचा रबर आणि बेकनचे चामडे एकाच थाळीत भेटतात, ते यामुळे.

एकदा शिजवून थंड केलेले मांस पुन्हा गरम केल्यावर त्याला शिळट वास येतो, हेही आपल्याला घरच्या फ्रिजवरून माहीत आहे. चरबीतल्या घटकांचा ऑक्सिजनशी संयोग झाल्याने तो येतो. नायट्राइट लावलेल्या मांसात ही प्रक्रिया मंद असते, त्यामुळे या एका बाबतीत बेकन साध्या शिजवलेल्या डुकराच्या मांसापेक्षा सरस ठरते.

ब्रिटिश बॅक बेकन अमेरिकी बेकनपेक्षा विमानात कमी निराश करते, तेही याच हिशेबाने. त्याच्याकडून कुरकुरीतपणाची अपेक्षाच मुळात कमी. पावात घातले की थोडा ओलावा पाव शोषतो आणि मऊपणा खटकत नाही. विमानात बेकन खायचेच असेल, तर थाळीतल्यापेक्षा पावातले बरे.

विमानातच ताजे तळून का देत नाहीत?

प्रवासी विमानाच्या गॅलीत उघडी ज्योत नसते आणि असूही शकत नाही. उकळती चरबी, हलणारे विमान आणि धूर झाल्यास वाजणारे गजर या तिन्हींचे एकत्र जमणे कठीण. शिवाय दोन-अडीचशे माणसांचा नाश्ता तासाभरात, कपाटाएवढ्या जागेत द्यायचा असतो. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने वरच्या वर्गासाठी विमानात टोस्टर आणि राइस कुकर ठेवले, पण ते मोजक्या प्रवाशांसाठी. मागच्या रांगांत त्याच पद्धतीने खाऊ घालायचे, तर गॅलीसाठी आसने काढावी लागतील. आसन काढणे म्हणजे काय, हे कोणत्याही विमान कंपनीच्या हिशेबनीसाला विचारा.

आदल्या दिवशी शिजवण्याची सक्ती कुठून आली?

यामागे फेब्रुवारी १९७५ मधली एक घटना आहे, आणि योगायोगाने तिच्यातही डुकराचे मुरवलेले मांस आणि नाश्ताच आहे. जपान एअरलाइन्सचे बोइंग ७४७ टोकियोहून अलास्कातील अँकरेज आणि कोपनहेगनमार्गे पॅरिसला निघाले होते. कोपनहेगन जवळ आले असताना प्रवाशांना हॅम घातलेले ऑम्लेट दिले गेले. त्यानंतर थोड्याच वेळात उलट्या, जुलाब, पोटात पेटके सुरू झाले. विमानात साडेतीनशेच्या आसपास माणसे होती. त्यातली १९७ आजारी पडली आणि सुमारे दीडशे जणांना रुग्णालयात न्यावे लागले.

तपासाचा धागा अँकरेजच्या स्वयंपाकघरापर्यंत गेला. हॅम हाताळणाऱ्या एका स्वयंपाक्याच्या बोटांना पू झालेल्या जखमा होत्या. त्यातले स्टॅफिलोकॉकस जिवाणू मांसावर आले. ते मांस आधी काही तास खोलीच्या तापमानात आणि मग पुरेशा थंड नसलेल्या ठिकाणी राहिले. मीठ बहुतेक जिवाणूंना आवरते, पण स्टॅफिलोकॉकस खारट जागीही आरामात वाढतो. त्याने तयार केलेले विष तर नंतर गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणजे ओव्हनने जिवाणू मेले तरी विष थाळीतच राहिले. केटरिंगच्या व्यवस्थापकाने पुढे आत्महत्या केली.

वैमानिक मात्र ठणठणीत होते. त्यांची ड्युटी अँकरेजला सुरू झाली होती, त्यांच्या घड्याळानुसार ती नाश्त्याची वेळ नव्हती, म्हणून त्यांनी स्टेक खाल्ले होते. त्यांनीही ऑम्लेट घेतले असते तर काय झाले असते, या विचारातूनच वैमानिक आणि सहवैमानिकाने वेगवेगळे जेवण घ्यावे, या दक्षतेवर भर दिला गेला. १९८४ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या जेवणातील ॲस्पिक जेलीतून साल्मोनेलाची बाधा होऊन शेकडो लोक आजारी पडले आणि केटरिंगचे नियम आणखी आवळले गेले. आज या कारखान्यांत प्रत्येक टप्प्यावर धोका कुठे आहे ते शोधून तापमान नोंदवण्याची जी पद्धत आहे, ती मुळात १९६० च्या दशकात पिल्सबरी या खाद्यकंपनीने नासाच्या अंतराळवीरांच्या अन्नासाठी विकसित केली होती.

म्हणून मऊ बेकनला नावे ठेवताना एवढे ध्यानात ठेवावे लागते, की जे नियम ते मऊ करतात तेच ३५ हजार फुटांवर, दोन स्वच्छतागृहांपुढे शंभर माणसांची रांग लागण्यापासून वाचवतात. हा सौदा मला तरी वाजवी वाटतो.

पैशाचा वाटा किती?

मोठा, आणि तिथे मात्र सुरक्षेची सबब चालत नाही. एके काळी भाडी ठरवून दिलेली असत, तेव्हा कंपन्या जेवणावर स्पर्धा करत. १९५८ मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या स्वस्त वर्गात फक्त सँडविच द्यायचे ठरले, तर स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने त्या नावाखाली एवढे भरगच्च डॅनिश सँडविच दिले की अमेरिकी स्पर्धकांनी तक्रारच केली. अमेरिकेत १९७८ मध्ये भाडी खुली झाली आणि तिकिटाची किंमत हाच प्रवाशाचा मुख्य निकष झाला. १९८० च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी प्रत्येक सॅलडमधले एक ऑलिव्ह काढून वर्षाला सुमारे ४० हजार डॉलर वाचवले, हा किस्सा या धंद्यात अजून सांगितला जातो. बेकन तर ऑलिव्हपेक्षा किती तरी महाग. पट्टेदार बेकन नीट तळले की वजन निम्म्याहूनही कमी उरते. कमी तळले की पट्टी मोठी दिसते आणि खर्चही वाचतो.

हा दबाव स्वयंपाकघरातल्या माणसांपर्यंतही पोहोचतो. ब्रिटिश एअरवेजने आपले केटरिंग १९९७ मध्ये बाहेर दिले. ते गेट गॉरमे या कंपनीकडे होते तेव्हा, ऑगस्ट २००५ मध्ये, खर्चकपातीच्या वादातून हीथ्रोवर सहाशेहून अधिक कामगारांना कामावरून काढण्यात आले. त्यात साउथॉल भागातल्या पंजाबी स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. ब्रिटिश एअरवेजच्या सामान चढवणाऱ्या कामगारांनी त्यांच्या बाजूने काम थांबवले, उड्डाणे रद्द झाली आणि लाखभराहून अधिक प्रवासी अडकले. थाळी भरणारे हात कुणाला दिसत नाहीत. त्या आठवड्यात ते साऱ्या ब्रिटनला दिसले. जानेवारी २०१७ मध्ये याच कंपनीने कमी पल्ल्याच्या स्वस्त वर्गातले मोफत खाणे बंद करून मार्क्स अँड स्पेन्सरचे पदार्थ विकायला सुरुवात केली.

भारतातून जाताना बेकन मिळते का?

मुंबईहून युरोप-अमेरिकेला जाणारे अनेक जण दुबई, दोहा किंवा अबू धाबीमार्गे जातात. एमिरेट्स, कतार आणि एतिहाद डुकराचे मांस देत नाहीत. तिथे थाळीत बेकनसारखे काही दिसले तर ते टर्कीचे, चिकनचे किंवा गोमांसाचे असते. गोमांस न खाणाऱ्यांनी ते विचारून घेतलेले बरे. टर्कीत चरबी इतकी कमी, की ते पुन्हा गरम केल्यावर आणखी कोरडे होते.

देशांतर्गत प्रवासात प्रश्न बेकनचा नाही, गरम जेवण मिळण्याचाच आहे. एअर इंडियाने जुलै २०१७ मध्ये खर्च वाचवण्यासाठी देशांतर्गत इकॉनॉमी वर्गातले मांसाहारी जेवण बंद केले होते. इंडिगोत खाणे विकत घ्यावे लागते, आणि तिथला गरम पाणी ओतून तयार होणारा उपमा हे उंचीवरच्या अडचणींवरचे चोख उत्तर आहे. उपमा मुळातच मऊ. कुरकुरीत राहण्याचा त्याच्यावर भार नाही, तळणे नको, ओव्हन नको. एप्रिल २०२४ मध्ये त्यातल्या मिठाच्या प्रमाणावरून समाजमाध्यमांवर वाद झाला आणि कंपनीला खुलासा करावा लागला. उंचावर कमी खारट लागणाऱ्या जिभेला खूश करायचे, तर मीठ वाढवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. रक्तदाब असलेल्यांनी पाकिटावरचा सोडियमचा आकडा वाचून मगच गरम पाणी मागावे.