उन्हाळी सहलीची पिशवी: आधी पाणी मोजा, मग पोळ्या

मे महिना आला की आपल्या वस्त्यांमध्ये सहलीचे बेत सुरू होतात. शाळेला सुट्ट्या असतात, पाहुणे आलेले असतात. शहापूर महामार्गावरचे गाव असल्याने गाडीही सहज मिळते. कोणी कोका अभयारण्याकडे निघतो, कोणी नागझिऱ्याला. कोणी पवनीला जाऊन प्राचीन स्तूपांचे अवशेष बघतो आणि पुढे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जातो. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राणी पाहण्याची संधी देतो, तेव्हा आपली तरुण मुलेही नाव नोंदवतात. लेकरांनी जंगल पाहिलेच पाहिजे. ते फक्त पैसेवाल्यांसाठी नाही. पण या सहलींची तयारी ज्या पद्धतीने होते, त्याबद्दल आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे.

बैठकीत गाडीचे भाडे ठरते, जेवणाचा बेत ठरतो, स्पीकर कोण आणणार तेही ठरते. पाण्याचे मात्र "रस्त्यात घेऊ" एवढ्यावरच भागते. आमचे म्हणणे असे की सहलीच्या बैठकीत पहिला विषय पाण्याचा असला पाहिजे आणि तो लिटरमध्ये मोजला पाहिजे.

राजस्थानात जैसलमेरजवळ वाळवंटातले राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे जाणारा माणूस पाण्याशिवाय पाऊल टाकत नाही, कारण समोर वाळू दिसते. आपल्याकडे झाडे दिसतात म्हणून आपण गाफील राहतो. पण आपले जंगल पानगळीचे आहे. मे महिन्यात साग उघडाबोडका असतो, त्याच्याखाली सावली नसते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. भंडाराही त्याच उन्हाच्या पट्ट्यात येतो. वाळवंटात रात्री हवा थंड होते, आपल्याकडे नवतपात रात्रसुद्धा तापलेली असते. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला वेळच मिळत नाही.

आता हिशोब करू. कडक उन्हात फिरणाऱ्या मोठ्या माणसाला तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते. सहा तासांच्या फेरीसाठी माणशी चार लिटर धरा. वीस माणसे असतील तर ऐंशी लिटर, म्हणजे वीस लिटरचे चार कॅन. एवढे पाणी गाडीत चढल्याशिवाय गाडी हलू नये. तहान लागण्याची वाट पाहू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे प्या. लहान लेकरे आणि म्हातारी माणसे मागत नाहीत, त्यांना आठवणीने द्या. प्रत्येकाजवळ घरची बाटली असावी. तिला ओले फडके गुंडाळले की पाणी गार राहते आणि जंगलात प्लास्टिकचा कचराही होत नाही.

पाण्यानंतर ओआरएसची पुडी. ती उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते, आशाताईंकडे मागा. एक मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायची. अर्धी पुडी पेल्यात टाकून पिऊ नये. केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे, उरले तर फेकून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ टाका. दुकानातल्या गोड पेयांच्या डब्यांना ओआरएस समजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, ती याच फसगतीमुळे.

कपडे सुती, सैल आणि पूर्ण बाह्यांचे असावेत. पौर्णिमेला आपण पांढरे नेसतो, उन्हासाठी ते चांगलेच. मात्र जंगलात पांढरा रंग लांबून उठून दिसतो, म्हणून तिथे फिकट खाकी किंवा मातकट रंग बरा. डोक्याला दुपट्टा, पायात बंद जोडे. रात्रीसाठी टॉर्च हवाच, कारण साप अंधारात दिसत नाही. खाण्यात मुरमुरे, फुटाणे, गूळ, काकडी, केळी ठेवा. भात आणि रस्सा दुपारपर्यंत आंबतो. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असे अजूनही सांगितले जाते. कांदा खिशात ठेवून काही होत नाही. तो भाकरीबरोबर खा आणि वर पाणी प्या.

आता आपल्या घरांसाठी सर्वांत महत्त्वाचे. पूर्व विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त आढळते. शरीरातले पाणी कमी झाले की सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. बाकीच्यांना नुसता थकवा येईल अशा उन्हात या लेकराला दवाखान्यात भरती करावे लागू शकते. म्हणून त्याची बाटली वेगळी, गोळ्या आणि सिकलसेल कार्ड पिशवीत, आणि सोबतच्या दोघांना तरी ही गोष्ट माहीत असलीच पाहिजे. तापलेल्या अंगाने त्याला एकदम थंड पाण्यात उतरू देऊ नका. जो वाहक आहे त्यानेही कडक उन्हात कष्ट करताना तहानलेले राहू नये. आजार लपवून सहलीला पाठवणे ही माया नव्हे. तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती होते.

बीपी, हृदय आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाणी किती प्यावे आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचे काय करावे, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नये. आणि बंद गाडीत लेकराला पाच मिनिटेही ठेवू नये.

कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग चटके बसतील इतके तापले, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. मान, काखा आणि जांघेत ओले फडके ठेवा. १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही. जंगलात फोन लागेलच असे नाही, म्हणून जवळचा दवाखाना कोणता आणि गाडी कोण चालवणार, हे निघतानाच ठरवा. सकाळी लवकर निघा आणि बारा ते चार सावलीत राहा.

काही जण म्हणतील, आमचे आजे-आजी एवढे सामान कुठे नेत होते? खरे आहे. पण ते पहाटे निघत, छागल भरून नेत आणि दुपारी झाडाखाली पडून राहत. वेळ आणि पाणी दोन्ही त्यांनी सांभाळले होते. आपण दोन्ही सोडले आणि फक्त त्यांचे धाडस आठवणीत ठेवले.

शेवटची गोष्ट. जंगलात सहलीला जाणारा वर्षातून एकदा जातो. मोहफुले वेचणाऱ्या आणि तेंदूपाने तोडणाऱ्या बाया त्याच उन्हात रोज जातात. त्यांच्या डोक्यावरही दुपट्टा, कमरेला बाटली आणि पदरात ओआरएसची पुडी असायला हवी. पाने मोजायच्या ठिकाणी सावली आणि प्यायचे पाणी मिळणे ही मेहरबानी नाही, ते कामाच्या मजुरीइतकेच आवश्यक आहे. ग्रामसभेत हा विषय आपण मांडला पाहिजे. सहलीचे पाणी ज्या हिशोबाने मोजाल, त्याच हिशोबाने त्यांचेही मोजा. माणशी चार लिटर.