तपासणी बाळासाठी, मग बाईसाठी कधी?

शागास या आजाराचं नाव आपल्यापैकी बऱ्याच जणींनी ऐकलंही नसेल. हा मूळचा लॅटिन अमेरिकेतल्या गरिबांचा आजार. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारा, ढेकणासारखा एक किडा रात्री माणसाचं रक्त पितो आणि त्याच्या विष्ठेतून जंतू शरीरात शिरतो. १९०९ साली ब्राझीलमध्ये डॉ. कार्लोस शागास यांना तो माणसात प्रथम सापडला, बेरेनिस या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात. आज सुमारे ७० लाख लोकांना लागण आहे आणि त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊक नाही. वर्षानुवर्षं काहीच त्रास होत नाही. मग साधारण तिघांतल्या एकाचं हृदय निकामी होऊ लागतं.

लागण झालेल्या आईकडून बाळाला हा आजार होण्याचं प्रमाण सुमारे ५ टक्के. म्हणून बोलिव्हिया, अर्जेंटिनात गरोदर बाईचं रक्त तपासतात. जुन्या लागणीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू सहसा दिसत नाही, म्हणून दोन वेगळ्या पद्धतींनी प्रतिपिंडं शोधावी लागतात. बाळाचं रक्त जन्मताच तपासायचं. जंतू दिसला नाही, तर आठ-दहा महिन्यांनी पुन्हा, कारण तोवर आईची प्रतिपिंडं बाळाच्या अंगात असतात. पहिल्या वर्षात औषध मिळालं तर शंभरातली नव्वदहून अधिक बाळं बरी होतात. हे झालंच पाहिजे.

पण बाईचं काय? गरोदरपणात औषध देत नाहीत. ‘बाळंतपणानंतर या,’ असं सांगून तिला घरी पाठवतात. अंगावरचं मूल, घरकाम, मजुरी, लांबचा दवाखाना आणि ६० दिवसांच्या गोळ्या, त्याही अंगावर पुरळ आणणाऱ्या! ती आली नाही, तर निष्काळजी कोण? तीच! गरोदरपणाआधी उपचार झाले तर बाळाला लागण होणं जवळजवळ टळतं, असं अर्जेंटिनातल्या अभ्यासांत दिसलं आहे. मग तपासणीसाठी तिचं पोट दिसेपर्यंत का थांबायचं? आणि जिला मूल नकोच आहे, तिला हृदय नाही का?

यावर काही डॉक्टर विचारतात, ‘बरं झाल्याचा पुरावा तरी कुठे आहे?’ प्रश्न खरा आहे. मोठ्या माणसांत उपचारानंतरही प्रतिपिंडं दहा-वीस वर्षं राहतात. पीसीआर तपासणीत जंतू सापडला तर औषध फसलं हे कळतं. नाही सापडला म्हणून तो गेला, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण हा दोष बाईचा आहे का? औषधं दोनच, दोन्ही ५० वर्षांपूर्वीची. गरिबांच्या आजारात नफा नाही, म्हणून बरं झाल्याचं लवकर सांगणारी खात्रीची चाचणीही नाही. शिवाय हृदय बिघडल्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाही, हे २०१५ च्या मोठ्या चाचणीने दाखवलं. म्हणजे थांबणं हाच खरा धोका!

मैत्रिणींनो, हा आजार आपल्याकडे पसरलेला नाही. पण बाईला ‘माता’ म्हणून तपासायचं आणि एरवी विसरायचं, ही रीत आपल्या ओळखीची आहे. तिथल्या बायकांच्या बाजूने आपलं म्हणणं स्पष्ट असावं: तपासणी मुलगी असतानाच करा. निकाल तिच्या भाषेत, तिच्या हातात द्या. औषधाची खात्री किती, त्रास किती, हे खरं सांगा आणि निर्णय तिला घेऊ द्या. उपचारानंतरही तिचं रक्त आणि हृदय तपासत राहा. बाळ झालं तरी आणि नाही झालं तरी.