आकडा म्हणजे साल नव्हे!



परवा चौथीच्या वर्गात एक मुलगा धावतच आला. "बाई, बाई, आमची सायकल १९५२ सालची आहे! सांगाड्यावर लिहिलंय!" मी वही पाहिली. आकडा १९५२ होता खरा, पण तो होता सायकलचा क्रमांक. साल नव्हे!

जुन्या जर्मन शिकारी रायफली पाहताना मोठी माणसंही हीच चूक करतात, बरं का!

समजा, संग्रहालयात अशी एक रायफल आहे. तिच्यावर क्रमांक आहे १८९५. म्हणजे ती १८९५ सालची? थांबा! क्रमांक म्हणजे शाळेतला हजेरी क्रमांकच. तो फक्त ओळख सांगतो. झूल या जर्मन गावात बंदुका बनवणारे कितीतरी कारागीर होते. प्रत्येकाची मोजणी वेगळी. त्यामुळे एकच क्रमांक दोघांच्या बंदुकांवर सापडू शकतो.

मग साल कुठे शोधायचं? लाकडी दस्त्याआड, नळीच्या खालच्या बाजूला. तिथे सरकारी चाचणीचे ठसे असतात. जर्मनीत १८९१ साली कायदा झाला आणि १८९३ पासून लागू झाला. नव्या बंदुकीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा, नळी तडकली नाही ना ते तपासायचं, आणि मगच ठसा मारायचा. मुकुटाखाली 'यू' म्हणजे तपासणी झाली. मुकुटाखाली 'जी' म्हणजे नळीत आतून पिळाच्या खाचा आहेत. १९४० पासून मुकुट गेला आणि गरुड आला.

झूलच्या अनेक बंदुकांवर याच ठशांजवळ बारीक आकडे दिसतात. आपल्या रायफलवर आहेत ४ २७. म्हणजे चाचणी झाली १९२७ च्या एप्रिलमध्ये. कुठे १८९५ आणि कुठे १९२७!

मग क्रमांक बिनकामाचा का? मुळीच नाही! तोच आकडा, किंवा त्याची शेवटची अक्षरं, बोल्टसारख्या इतर भागांवरही कोरलेली असायची. कारागीर हे भाग कानशीने घासून एकमेकांत बसवायचे. आकडे जुळले नाहीत, तर एखादा भाग दुसऱ्याच बंदुकीचा असू शकतो. गोळी उडताना बोल्टवर प्रचंड दाब येतो. तो नीट बसलेला नसेल, तर चालवणाऱ्याच्याच जिवावर बेततं. म्हणून जाणकार आधी आकडे ताडून पाहतात. आपण मात्र काचेबाहेरूनच पाहायचं. बंदुकीला हात लावायचा नाही!

आता एक कोडं. पुढे पश्चिम जर्मनीत चाचणीचं साल अक्षरांतही लिहू लागले. ए म्हणजे ०, बी म्हणजे १, सी म्हणजे २, असं पुढे. 'एचसी' म्हणजे ७२, अर्थात १९७२. मग 'एचएफ' म्हणजे कोणतं साल?

बोटं मोजा आणि आईबाबांनाही विचारा. उत्तर पुढच्या अंकात!

तुमच्या बाई